मागचा डावा

सीताबर्डीच्या दुकानदाराने आधी छातीवर हात ठेवायला सांगितलं,
मग बटण फिरवलं.
"बघा, इथे लागतो बास."
लागला. बरगडीत म्हैस शिरल्यासारखा.
म्हटलं, मला वरात नाही काढायची,
ऐकायचं आहे.
"तेच तर," तो म्हणाला, आणि आणखी थोडं फिरवलं.

माझ्या पिशवीत हार्ड डिस्क होती,
तिच्यात वडशाकडच्या एका मंडईची अख्खी रात्र:
दहाची घंटा, साडेचारचा पडदा,
रंगमंचावर चार माइक, लोकांत दोन,
एक विंगेत, बांबूला सुतळीने बांधलेला.
ही रात्र पुन्हा उभी करायची तर
समोर तीन, मागे दोन, कोपऱ्यात ठोक्याचा एक डबा
आणि मधोमध एक माणूस,
ज्याला काहीही लगेच आवडणार नाही.

पहिला संच गोड निघाला.
त्याच्यावर नायिकेचा हुंदका तुपात तळलेला,
टाळ्या लाह्यांसारख्या.
दुकानातली पोरं म्हणाली, हाच घ्या.
दुसऱ्याची किंमत ऐकून मी तिकडे पाहणंच सोडलं.
तिसरा करडा, जाळी नाही, कोन उघडा, वर बोटभर धूळ.
"हे कोणी नेत नाही," दुकानदार म्हणाला. "कोरडे आहेत."

कोरड्यांवर तीच रात्र लावली
आणि मंडपामागचा जनरेटर ऐकू आला.
कुणाचं तरी बाळ. सरकलेली खुर्ची. अडकित्ता.
नायिका थांबली, दीड सेकंद,
आणि विंगेतून, पार खालून,
ज्याला आवाज म्हणू नये असं काहीतरी आलं:
"मी त्याच घरची..."
मग ती म्हणाली, मी त्याच घरची सून आहे,
आणि रडली.

हेच द्या, म्हटलं.

अँप्लिफायरला मी वॅट विचारलेच नाहीत.
चार ओहमला घाम न फुटता उभा राहतो का?
पाचही एकदम बोलले तर कोणाचा गळा दाबतो का?
आमच्याकडे रात्री व्होल्टेज एकशे सत्तरवर उतरतं, तेव्हा काय?
शेवटच्या प्रश्नाला दुकानदार हसला
आणि स्टॅबिलायझरही बिलात घातला.

धानाचं कोठार रिकामं केलं.
भिंतींना बारदाना, कोपऱ्यांत तणसाच्या पेंढ्या.
बसायच्या जागी खिळा, खिळ्याला सुतळी,
तिच्या टोकावर एकेक स्पीकर.
उंदरांनी मागच्या उजव्याची तार दोनदा कुरतडली.
विंगेतला माइक कुठेच बसेना,
म्हणून तो मागच्या डाव्यात टाकला, थोडा.

मग फाल्गुनजी लांजेवारांना बोलावलं.
एकतीस वर्षं प्रॉम्प्टर.
वहीवर बॅटरी धरून धरून डावा खांदा उतरलेला.
सायकल भिंतीला लावली, मधोमध बसले, चहा नको म्हणाले.
लावलं.
त्या जागेशी आले आणि मान वळवून
मागे बघू लागले,
जसं कोणीतरी दाराशी येऊन उभं आहे.

"काहाडता येते का जी ते?"
काय?
"मी."
थोडं थांबून म्हणाले,
"पयल्या रांगेतल्या मानसालेबी कधी आयकू गेलो नाही.
आता भोंग्यातून?"

येतं, म्हटलं.
तो माइक मुका केला, पुन्हा लावलं.
नायिका थांबली.
मागचा डावा नुसता मंडप देत राहिला,
लोकांचे श्वास, लांबचं कुत्रं.
मी पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहत होतो.
ओठ हलत होते.
ती म्हणाली, मी त्याच घरची सून आहे.
त्यांनी मान डोलावली, बरोबर, पुढे.

फाईल मी दोन नावांनी ठेवली.
त्यांना एकच दिली.